गाडी धुवायच्या मशीनला पाणी कमी पडू देऊ नका

दारोदार जाऊन मोटारी, जीप, ट्रॅक्टर धुऊन द्यायचा धंदा सुरू करावा, असं दोन-तीन गटांच्या मनात आहे. त्या बायकांनी आम्हाला विचारलं, मशीन कोणतं घ्यावं? मशीनचं सांगूच, पण आधी पाण्याचं बोलू या. कारण आमचं पहिलं मशीन बिघडलं ते पाण्यापायीच.

काय झालं होतं ऐका. टेम्पोत दोनशे लिटरचा ड्रम, त्याला बागेला पाणी घालायची हिरवी अर्धा इंची नळी, ती चांगली तीस फूट लांब. ड्रम आणि मशीन एकाच पातळीवर. बंदूक दाबली की पाणी जोरात यायचं, मग एकदम मऊ पडायचं, परत जोरात. मशीन थरथरायचं आणि आतून खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. आम्ही म्हटलं, लाइटच कमी दाबाची असेल. ज्याच्या दारात जायचो, त्याच्या बटणाला नावं ठेवायचो. दोन महिन्यांत पंपाखालून पाणी ठिबकायला लागलं. मेकॅनिककडे नेलं, तर त्यानं मशीन उघडायच्या आधीच विचारलं, "ताई, याला पाणी कुठून देता?" आतली सीलं गेली होती.

शेतातली विहीर तळाला गेली की मोटार हवा धरते, हे आपल्यातल्या प्रत्येकीनं पाहिलंय. इथंही तोच प्रकार. हे मशीन पाणी तयार करत नाही, मिळालेलं पाणी दाबून पुढं ढकलतं. त्याच्या आतले लहान दट्टे मिनिटाला शेकडो वेळा मागं-पुढं होतात आणि दर वेळी एक घोट पाणी ओढतात. घोट भरायला पाणी पुरलं नाही, तर तिथं पोकळी पडते, बुडबुडे होतात, आणि दाब आला की ते फुटतात. दिसायला बुडबुडा, पण त्याचा मारा सीलवर आणि व्हॉल्ववर बसतो. शिवाय पंपातल्या सीलांना गार ठेवणारं, ओलं ठेवणारं तेच पाणी. म्हणून कोरडं मशीन अर्धा मिनिटसुद्धा चालवू नये.

आता मोजमाप. मशीनवर एक पट्टी असते, तिच्यावर मिनिटाला किंवा तासाला किती लिटर पाणी लागतं ते छापलेलं असतं. लहान मशीनला मिनिटाला ६ ते ८ लिटर लागतं. तासाचा आकडा असेल तर त्याला ६० नं भागायचं. ४८० लिटर म्हणजे मिनिटाला ८. नळीनं यापेक्षा निदान दीडपट पाणी दिलं पाहिजे, म्हणजे ८ च्या मशीनला १२. ते तपासायला मीटर नको, आपली १५ लिटरची बादली बास. नळी मशीनपासून सोडवायची, तिचं टोक मशीनच्या उंचीवर धरायचं आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघायचं. सव्वा मिनिटाच्या आत भरली तर ठीक. दोन मिनिटं लागली तर मशीन उपाशी राहणार. ही तपासणी टाकी तळाला आलेली असताना करा, भरल्या टाकीवर सगळ्याच नळ्या शहाण्या वागतात.

बऱ्याच जणींना वाटतं, टाकी उंच ठेवली की दाब वाढेल. दहा मीटर उंचीवर टाकी नेली तेव्हा कुठं एक बार दाब मिळतो, आणि मशीन शंभर बारच्या पुढचं काम करतं. म्हणजे टेम्पोतल्या दोन फुटांच्या चौथऱ्यानं काही दाब येत नाही. पण त्यानं पाणी आपोआप मशीनकडं उतरतं, पंपाला ओढायचे कष्ट पडत नाहीत. तेवढ्यासाठी टाकी वर, मशीन खाली. आणि नळी? जाड आणि आखूड. आम्ही टाकीला एक इंची बॉल व्हॉल्व बसवला, तिथून चार फूट एक इंची नळी मशीनपर्यंत, आणि फक्त मशीनच्या तोंडाशी बारीक जोड. लांब नळी हवी असेल तर ती मशीनच्या पुढं, बंदुकीकडं घ्या. गाडीभोवती फिरायचं ते बंदुकीनं, टाकीनं नव्हे.

काही मशीन खाली ठेवलेल्या ड्रममधूनही पाणी ओढतात. तसं करायचं असेल तर आत तार किंवा कडक कडी असलेली नळी घ्या, मऊ नळी ओढीनं चपटी होते. तिच्या बुडाला विहिरीवरच्या मोटारीसारखा जाळीचा फूट व्हॉल्व लावा. आणि एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा: ओढणाऱ्या नळीचा जोड सैल असला तरी बाहेर थेंब गळत नाही, उलट तिथून हवा आत जाते. वरून सगळं कोरडं दिसतं आणि मशीन मात्र खडखडतं. टेफलॉन टेप आणि क्लिप नीट आवळा.

रोज सुरू करताना आधी व्हॉल्व उघडायचा, मशीन बंदच ठेवून बंदूक दाबायची, पाण्याची सलग धार येऊन फुरफुर थांबली की मगच बटण. बंद करताना आधी बटण, मग बंदूक दाबून दाब सोडायचा, मग व्हॉल्व. ओल्या हातानं पिन काढू नका, आणि धारेसमोर हात-पाय आणू नका. ती धार कातडीच्या आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा.

आता वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, आणि छोटा हत्ती नेतो साधारण पाऊण टन. त्यातच टाकी, मशीन आणि आपण दोघी-तिघी. आम्ही ५०० लिटरवर थांबलो. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला हिसका देते, तिला चारी बाजूंनी पट्टे हवेत. पाचशे लिटर ऐकायला कमी वाटतं, पण हिशोब करा. एका मोटारीला बंदूक खरोखर दाबलेली असते आठ-नऊ मिनिटं, म्हणजे ६०-७० लिटर. सात मोटारी सहज होतात. साबण लावताना, पुसताना बंदूक सोडायची, एवढी सवय मात्र लागते.

बोअरच्या पाण्यात वाळू येते, म्हणून ठिबकला असतो तसा लहान जाळीचा फिल्टर नळीत बसवा आणि रोज धुवा. तो तुंबला तरी मशीन उपाशीच राहतं, म्हणून बादलीची तपासणी फिल्टरसकट करायची. पाणी जड असेल तर काचेवर आणि रंगावर पांढरे डाग पडतात. गाडी सावलीत धुऊन लगेच सुक्या फडक्यानं पुसली की बरंच भागतं. उन्हात तापलेल्या टाकीचंही बघा. बहुतेक लहान मशीनना ४० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं.

राहिला तो प्रश्न, ज्यावरून आमच्या गटात भांडण झालं. पाणी आणायचं कुठून? आमचा माण तालुका. खंडेनवमीला गाड्या पुजायच्या म्हणून गिऱ्हाईक येतं, तेव्हा परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, विहिरीला पाणी असतं. पण शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रात. तेव्हाही गाड्या पुष्कळ आणि आमच्या वाडीत टँकरची वाट. एक जण म्हणाली, "हप्ता काय टँकरची वाट बघतो का?" तिचंही खरं होतं, तिच्याच नावावर कर्ज होतं. दुसरी म्हणाली, "मी रांगेत हंडा घेऊन उभी आणि तुम्ही माझ्यासमोर मोटार धुणार?"

शेवटी ठरलं ते असं. नळयोजनेचं पाणी धंद्याला घ्यायचं नाही. एका सदस्येच्या विहिरीतून घ्यायचं आणि दर टाकीमागं तिला पैसे द्यायचे. वाडीत टँकर सुरू झाला की मशीन बंद, आणि तेवढ्या महिन्यांचा हप्ता खंडेनवमी-दिवाळीच्या कमाईतून आधीच बाजूला काढायचा. पहिल्या वर्षी तो पुरला नाही, दोन महिने आम्ही वर्गणी घातली. तुमच्या गावात पाणी बारमाही असेल तर हा पेच नाही, पण कर्ज घ्यायच्या आधी हा हिशोब वहीत मांडा, मशीनची किंमत त्याच्यानंतर लिहा. आणि ओढ्याकाठी, विहिरीजवळ गाडी धुऊ नका. साबण आणि ऑइल परत त्याच पाण्यात जातं.

रात्री टाकीत पाणी उरलं तर झाकण घट्ट लावा, पांढऱ्या टाकीवर गोणपाट टाका. ऊन लागलं की शेवाळ धरतं, आणि सकाळी तेच फिल्टरच्या जाळीत येऊन बसतं.