अरबी संख्यावाचके आणि शुहूर सनाचे वाचन

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• मराठी कागदपत्रांत येणारी अरबी संख्यावाचके ओळखता येतील.
• त्यांच्या रूपांमागील व्याकरण स्पष्ट करता येईल.
• शुहूर सनाचे इसवी सनात रूपांतर करता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पेशवेकालीन पत्र वाचताना ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ अशा धाटणीची ओळ आपल्यासमोर येते. ही ओळ म्हणजे वर्षाचा आकडा होय. तो अक्षरांत आणि अरबी शब्दांत लिहिलेला आहे. या गणनेस शुहूर सन, अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात. पत्राचा काळ ठरवणे या एका ओळीवर अवलंबून असते. ‘सितैन’ऐवजी ‘सबैन’ वाचले, तर पानिपताच्या वर्षातील पत्र दहा वर्षे पुढे, थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या काळात जाऊन पडते. म्हणून अरबीत मोजता येणे ही मराठीच्या अभ्यासकाचीही गरज आहे.

३.३ संख्यावाचके

एकम : १ इहिदे, २ इसन्ने, ३ सलास, ४ आर्बा, ५ खमस, ६ सित, ७ सबा, ८ समान, ९ तिसा, आणि १० अशर.

दशक : २० अशरीन, ३० सलासीन, ४० आर्बैन, ५० खमसैन, ६० सितैन, ७० सबैन, ८० समानीन, ९० तिसैन.

शतक व सहस्र : १०० मया, २०० मयातैन, १००० अलफ.

लेखनात थोडाफार फरक आढळतो; तरी मूळ शब्द ओळखू येतो. दशकाचे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत. अशरीनचा अपवाद सोडला, तर एकमाच्या शब्दाला ‘-ईन’ किंवा ‘-ऐन’ जोडला की त्याचे दशक मिळते. मूळ अरबीत हा प्रत्यय ‘-ईन’ आहे. मराठी लेखनात काही ठिकाणी त्याचा ‘-ऐन’ झाला. ‘मयातैन’ मात्र ‘मया’चे द्विवचन आहे. संस्कृताप्रमाणे अरबीतही द्विवचन असल्याने ‘दोन’ हा शब्द न वापरता दोनशे म्हणता येते.

३.४ हीच रूपे का?

अरबी शिकणारा प्रथम ‘वाहिद, इस्नान, सलासा, अर्बआ, खम्सा’ असे मोजतो. मग आपल्या पत्रांत ‘वाहिद’च्या जागी ‘इहिदे’ आणि ‘सलासा’, ‘खम्सा’ यांच्या जागी ‘सलास’, ‘खमस’ का येतात? हा लेखनिकांचा अपभ्रंश नव्हे. मराठीत ‘तीन दिवस’ आणि ‘तीन रात्री’ यांत ‘तीन’ बदलत नाही. अरबीत तीन ते दहा या संख्या नामाच्या लिंगाच्या उलट वागतात : पुल्लिंगी नामासोबत संख्येला स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो, तर स्त्रीलिंगी नामासोबत तो गळतो. म्हणून तीन दिवस ‘सलासत अय्याम’, पण तीन रात्री ‘सलास लयाल’. ‘सन’ हा शब्द ज्या ‘सना’ (वर्ष) या अरबी शब्दापासून आला, तो स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे वर्ष सांगताना प्रत्ययरहित ‘सलास’, ‘खमस’, ‘सित’ ही रूपे येतात आणि एकासाठी ‘इहदा’ हे स्त्रीलिंगी रूप येते. त्याचेच ‘इहिदे’ झाले.

येथे एक शंका संभवते : मग ‘आर्बा’, ‘सबा’, ‘तिसा’ यांच्या अखेरीस ‘आ’ कसा? तो स्त्रीलिंगी प्रत्यय नाही. या शब्दांच्या शेवटी अरबीत ‘ऐन’ हे कंठातून उच्चारले जाणारे व्यंजन आहे. मराठीत तसा वर्ण नसल्याने त्याची जागा ‘आ’ने घेतली.

३.५ क्रम आणि रूपांतर

एकवीस, एकाहत्तर या मराठी शब्दांत एकम आधी आणि दशक नंतर येते. अरबीतही तसेच आहे. फरक त्यापुढे पडतो. मराठीत आपण हजारापासून खाली येतो. शुहूर सनात एकमापासून वर चढतो. इहिदे (१), सितैन (६०), मया (१००), व अलफ (१०००) मिळून ११६१ होतात. यातील ‘व’ म्हणजे ‘आणि’. फारसीच्या वाटेने आलेले हे उभयान्वयी अव्यय आपण आजही वापरतो.

शुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी सुरू होते. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील वर्षारंभापर्यंत ६०० मिळवावेत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली : ११६१ + ६०० = १७६१. त्या वेळी हिजरी सन ११७४ होता. दोन्ही गणनांचे आकडे १३४४ च्या सुमारास जुळत होते. परंतु हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते पुढे सरकत गेले आणि सौर शुहूर सनाचे इसवी सनाशी अंतर कायम राहिले.

शतकाचा शब्दही बोलका असतो. शुहूर ११०० म्हणजे इसवी १६९९-१७००. म्हणून शिवकालीन सनात ‘मया’ येत नाही. ‘मया’ दिसला की पत्र साधारणतः अठराव्या शतकातील आणि ‘मयातैन’ दिसला की १७९९ च्या मृगानंतरचे समजावे. मात्र काही पत्रांत शतक व सहस्र गाळलेले असतात. तेथे मजकुरातील व्यक्ती व प्रसंग यांचा आधार घ्यावा लागतो.

३.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील सनांचे इसवी वर्ष सांगा.
१) खमस सबैन व अलफ (जूनअखेर)
२) आर्बा खमसैन मया व अलफ (फेब्रुवारी)
३) समान अशर मयातैन व अलफ (नोव्हेंबर)

उत्तरे : १) १०७५ + ५९९ = १६७४, शिवराज्याभिषेकाचे वर्ष. २) ११५४ + ६०० = १७५४. ३) १२१८ + ५९९ = १८१७, खडकीच्या लढाईचे वर्ष.

३.७ सारांश

मराठी पत्रांतील अरबी संख्यावाचके नियमबद्ध आहेत. ‘सना’ या स्त्रीलिंगी शब्दामुळे त्यांची रूपे ठरली, एकमापासून सहस्राकडे असा त्यांचा क्रम आहे आणि महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवल्यास इसवी वर्ष मिळते. पत्र वाचताना सन आधी अंकांत मांडावा, मग महिना पाहावा आणि त्यानंतरच मजकुराकडे वळावे.