पादेलोण : मीठही आणि औषधही

मीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती समुद्रकाठची मिठागरे आणि त्यांतल्या पांढऱ्याशुभ्र राशी. पण बहुतेक घरांच्या फडताळात, हिंगाच्या डबीशेजारी, आणखी एक मीठ असते. आपण त्याला पादेलोण म्हणतो, गुजराती शेजारीण संचळ म्हणते, हिंदीत तो काला नमक आणि युनानी हकिमांच्या पुड्यांत नमक सियाह. मराठी नावाची फोड करून सांगायची गरज नाही. ज्याने एकदा डबीचे झाकण उघडले, त्याला ती नाकानेच कळलेली असते!

पुष्कळांना वाटते की हे मीठ असेच काळे जमिनीतून निघते. तसे नाही. शेंदेलोण, म्हणजे सैंधव, खाणीतून येते. पादेलोण मात्र भट्टीत घडवावे लागते. पूर्वी हिमालयाच्या बाजूचे खाणीचे मीठ किंवा राजस्थानातल्या सांभर, डीडवाना या सरोवरांचे मीठ त्यासाठी घेत. ते कोळसा आणि थोडा हिरडा, आवळा, बेहडा किंवा बाभळीची साल यांच्यासह मडक्यात बंद करून तासन् तास भट्टीत तापवायचे. मीठ वितळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. मिठात गंधकाची सल्फेटे असतात. कोळशाच्या संगतीने त्यांची सल्फाइडे होतात. लोह आणि गंधक यांच्या संयुगामुळे खड्याला काळपट जांभळा रंग येतो. हाच खडा कुटला की भुकटी गुलाबी-करडी दिसते. म्हणून भुकटी काळी नाही या कारणावरून दुकानदाराशी भांडू नये.

आणि तो वास? तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. उकडलेल्या अंड्याला येतो तोच. गंमत अशी की आंबट पदार्थ भेटला की हा वायू अधिक मोकळा होतो. पाणीपुरीचे चिंचेचे पाणी, कोकम सरबत, कैरीचे पन्हे, लिंबू पिळलेली काकडी, ताक, आवळा सुपारी... पादेलोणाची सगळी सोयरीक आंबटाशी का, याचे उत्तर इथे आहे. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर फळांची चाट असते. तिच्यातल्या केळ्या-पेरूंना जाग आणते ती याचीच चिमूट. मात्र फार उकळले की वास उडून जातो. म्हणून ते शेवटी, वरून घालावे.

औषधातही त्याचा मान जुना आहे. चरकसंहितेत सैंधव, सौवर्चल, बिड, औद्भिद आणि सामुद्र अशी पाच लवणे सांगितली आहेत. आजचे पादेलोण म्हणजे सौवर्चल की बिड, यावर वैद्यांत मतभेद आहेत. शार्ङ्गधरसंहितेतल्या लवणभास्कर चूर्णात ही दोन्ही लवणे आहेत. अपचन, पोटफुगी, तोंडाला चव नसणे, यांवर ताकाबरोबर ते घेण्याची रीत आजही चालू आहे.

पण या औषधी कीर्तीनेच एक घोटाळा होतो. माझ्या ओळखीच्या एका चाचांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. त्यांनी जेवणातले पांढरे मीठ निम्म्यावर आणले आणि दोन्ही वेळच्या ताकात चमचा चमचा पादेलोण सुरू केले. कुणी टोकले तर म्हणत, “अरे, हे मीठ नाही, दवा आहे.” पुढच्या तपासणीत रक्तदाब होता तिथेच! असे चाचा, काका, आजी घरोघर आहेत.

तेव्हा नीट लक्षात घ्यावे. रंग कोणताही असो, पादेलोण हे मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. पादेलोण याच हिशेबात धरायचे, हिशेबाबाहेर नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोजचे करू नये. शिवाय पुडीबंद पांढऱ्या मिठात आयोडीन मिसळलेले असते. पादेलोणात ते असेलच असे नाही. म्हणून घरातले सगळे मीठ बदलून टाकण्यातही शहाणपण नाही.

एवढे सांभाळले तर या मिठाशी वैर धरायचे कारण नाही. त्याला फार लागतही नाही. चिमूटभर घातले की पेलाभर ताकाची चव पालटते. आणि दवा म्हणूनच घ्यायचे, तर दव्याच्या मापानेच घ्यावे.