हॅम्बुर्गहून आलेला टेम्पो

घर बदलायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘टेम्पो सांगितला का?’ मग दारात जी गाडी येते ती टाटांची असते, महिंद्राची असते, तीन चाकांची असते किंवा चार. कोणीही ‘हा टेम्पो नाही’ अशी तक्रार करत नाही. मंडईत टेम्पो, गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पो, वऱ्हाडाला टेम्पो. उत्तर प्रदेश-बिहारात तर टेम्पो म्हणजे माणसं बसायची तीन चाकी गाडी. हा शब्द मुळात एका जर्मन मोटार कारखान्याचं नाव आहे, हे मला कळलं तेव्हा मी शाळा-कॉलेज संपवून बसलो होतो. भौतिकशास्त्राचा सगळा अभ्यास झाल्यावर कळलं, हे एका अर्थी बरंच झालं. कारण या गाडीची गंमत तिच्या नावात आहे त्याहून जास्त तिच्या चाकांत आहे.

कारखान्याचं पूर्ण नाव ‘विडाल उंड सोन टेम्पो-वेर्क’. ‘सोन’ म्हणजे मुलगा. विडाल आणि मुलगा, आपल्याकडच्या ‘अमुक अँड सन्स’सारखं. गाव हॅम्बुर्ग, एल्ब नदीकाठचं मोठं बंदर. ऑस्कर विडाल यांनी १९२०च्या दशकात तिथे मालवाहू छोट्या गाड्यांचा धंदा उभा केला. जर्मन भाषेत ‘टेम्पो’ म्हणजे वेग, चाल.

या धंद्याला खरा जोर आला तो सरकारी नियमामुळे. १९२८पासून जर्मनीत चारपेक्षा कमी चाकं आणि २०० घनसेंटिमीटरपर्यंतचं इंजिन असलेल्या गाडीला वाहन कर माफ झाला, आणि ती चालवायला परवानाही लागेना. महायुद्ध आणि महागाईने पिचलेल्या देशात बेकरीवाला, भाजीवाला, कोळसेवाला असे हजारो छोटे व्यापारी अजून हातगाडीवर नाहीतर घोड्यावर अवलंबून होते. त्यांना मोटार हवी होती, पण ट्रक परवडत नव्हता. कायद्याने दार किलकिलं केलं आणि तीन चाकांची गाडी त्यातून आत आली. ब्रेमेनच्या बोर्गवार्ड यांनी ‘गोलियाथ’ काढली, हॅम्बुर्गच्या विडाल यांनी ‘टेम्पो’.

सुरुवातीच्या गाड्या मोटारसायकलला हौदा जोडल्यासारख्याच होत्या. १९३०च्या दशकात ऑटो डाउस नावाच्या अभियंत्याने या गाडीला तिचं ओळखीचं रूप दिलं. पुढे एकच चाक आणि तेच गाडी ओढणार. इंजिन आणि गिअरबॉक्स त्या चाकापाशीच, आणि बंद पेटीत तेलात बुडालेली साखळी इंजिनाची ताकद थेट चाकाला देणार.

वाचायला साधं वाटतं, पण या मांडणीत किती वस्तू गाळल्या गेल्या ते बघा. मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीत इंजिनापासून मागच्या आसापर्यंत एक लांब दांडा फिरत असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून आसाच्या मध्यावर दातेरी चाकांचा ‘डिफरन्शियल’ लागतो. ओढणारं चाक एकच असेल तर डिफरन्शियलची गरजच उरत नाही. लांब दांडाही गेला. मागची दोन चाकं बैलगाडीच्या चाकांसारखी नुसती फिरणार. गाडीखाली काहीच नसल्यामुळे हौदा जमिनीलगत ठेवता येतो, आणि हमालाला पोतं कमी उंच उचलावं लागतं. दिवसभरात शंभर पोती चढवणाऱ्या माणसाच्या पाठीला विचारा, वीतभर उंची कमी होणं म्हणजे काय असतं.

पण निसर्ग उधारी ठेवत नाही. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी चढ होता. पावसाळ्यात भरलेला टेम्पो आला की त्याचं पुढचं चाक चिखलात जागच्या जागी गरगरायला लागायचं. इंजिन किंचाळतंय, निळा धूर कोंडलाय आणि गाडी तसूभर हलत नाही. मग ड्रायव्हर ओरडायचा, ‘पुढं या रे!’ मागून चालत येणारे हमाल उड्या मारून गाडीच्या नाकाशी लटकायचे. गाडीवर माणसं वाढली आणि गाडी चढली! मला ते कोडंच वाटायचं. ओझं वाढल्यावर गाडी चढते कशी?

आता त्याचं गणित मांडता येतं. आकडे समजण्यापुरते धरू. रिकामी गाडी ८०० किलो, त्यातलं निम्मं वजन पुढच्या चाकावर. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर. हौद्यात ७५० किलो माल, पण त्याचा भार मागच्या आसाच्या जेमतेम २५ सेंटिमीटर पुढे. म्हणजे मालापैकी पुढच्या चाकाच्या वाट्याला फक्त ७५ किलो येतात. सपाटीवर पुढच्या चाकावर एकूण ४७५ किलो. दहाला एक असा चढ लागला की वजन मागे सरकतं. गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटर उंचीवर असेल तर पुढच्या चाकावरचे सुमारे ५५ किलो कमी होतात. उरले सुमारे ४२०. ओल्या चिखलात चाकाची पकड त्यावरच्या वजनाच्या साधारण तीन दशांश धरली, तर चाक १२६ किलोच्या जोराने गाडी ओढू शकतं. चढण्यासाठी जोर लागतो एकूण वजनाच्या एक दशांश, म्हणजे १५५ किलो. इंजिन कितीही दमदार असलं तरी चाक घसरणारच.

तीन माणसं पुढच्या चाकाच्या वर लटकली, प्रत्येकी ६० किलोची. आता चढायला १७३ किलोचा जोर लागेल. पण चाकावरचा दाब ५९०च्या वर गेला, पकड झाली १७८. पाच किलोने का होईना, गाडी जिंकली. त्या हमालांनी पुस्तक उघडलं नव्हतं, पण टॉर्क आणि घर्षण त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

मग माल पुढे का भरत नाहीत? इथे तीन चाकांचा दुसरा हिशेब आडवा येतो. जमिनीला तीन ठिकाणी टेकलेली वस्तू कधी डगमगत नाही, म्हणून खडबडीत जमिनीवर तिपाई चौरंगापेक्षा बरी. मात्र तिचा पाया त्रिकोणी असतो. टेम्पोचा त्रिकोण मागे रुंद आणि पुढे निमुळता. वळणावर गाडी उलटते ती पुढचं चाक आणि बाहेरचं मागचं चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून. भार जितका पुढे, तितकी ही रेषा जवळ आणि उलटायचा धोका जास्त. भार मागच्या आसाजवळ असला की वळणावर गाडी निर्धास्त, पण चढावर हतबल. वळणावर ब्रेक मारला तर वजन पुढे त्रिकोणाच्या टोकाकडे धावतं, आणि हे सर्वांत वाईट. म्हणूनच जाणता ड्रायव्हर वळणाच्या आधी वेग उतरवतो, वळणात नाही. माल भरताना ‘अजून जरा पुढं घे’, ‘हां, बस’ असं जे चालायचं ते या दोन हिशेबांची मांडवली होती.

आता आवाज. टेम्पोचा आवाज ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. १९४९ साली आलेल्या ‘हान्सिआट’ या तीन चाकीत सुमारे ४०० घनसेंटिमीटरचं दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक इंजिन होतं, आणि गाडी पाऊण टन माल वाहायची. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या दोन पूर्ण फेऱ्यांमागे एक स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. त्यात झडपाही नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं असतात आणि वरखाली जाणारा पिस्टनच ती उघडझाप करतो. पिस्टन वर जाताना त्याच्याखालच्या बंद पेटीत पेट्रोल आणि हवा ओढली जाते, खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये शिरतं आणि जळका वायू बाहेर ढकलतं. दोन पिस्टन, दोन कनेक्टिंग रॉड, एक क्रँकशाफ्ट. मुख्य हलणारे भाग एवढे पाचच. बिघडायला फारसं काही नाही, आणि बिघडलंच तर रस्त्याकडेला पाना घेऊन उघडता येतं.

खालची पेटी मिश्रणासाठी वापरल्यामुळे तिथे वंगणतेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोल पंपावरचं ते मापटं आणि तेल ओतल्यावर गाडी हलवून ते मिसळणारा ड्रायव्हर अनेकांना आठवत असेल. ते तेल इंजिनात पुरतं जळत नाही, त्याचाच निळा धूर. शिवाय नवं मिश्रण आत येताना धुराड्याचं भोक उघडंच असतं, त्यामुळे सुमारे पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर जातं. आणि गाडी उभी असताना इंजिन अडखळत वाजतं, कारण मंद गतीत जळका वायू पुरता बाहेर जात नाही, मग एखादा स्फोट हुकतो आणि पुढचा जोरात होतो. साधेपणाची किंमत शहराच्या फुफ्फुसांनी मोजली, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. टू-स्ट्रोक टेम्पो रस्त्यावरून गेला याचं मला दुःख नाही.

विडाल यांच्या कारखान्याने धाडसंही केली. १९३६ साली त्यांनी ‘जी १२००’ नावाची गाडी काढली. तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं होती. पुढचं पुढची चाकं फिरवणार, मागचं मागची चाकं, आणि एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर गाडी चालणार. ही लष्करी कामाची गाडी होती आणि १९४४पर्यंत बनत राहिली.

युद्धानंतर १९४९ साली आली चार चाकांची ‘मॅटाडोर’, म्हणजे आपली मॅटडोर. तिच्यात फोक्सवागनच्या ‘बीटल’चं इंजिन होतं. पुढच्याच वर्षी फोक्सवागनने स्वतःची मालवाहू व्हॅन आणली आणि १९५२पर्यंत विडाल यांना इंजिनं देणं थांबवलं. दुसऱ्याच्या इंजिनावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो ते तेव्हा दिसलं. कारखान्याने मग हाइंकेलची इंजिनं वापरली, ऑस्टिनची वापरली. १९५५ साली निम्मी मालकी राइनश्टाल-हानोमाग या उद्योगाकडे गेली आणि दहाएक वर्षांत उरलेलीही. पुढे हानोमागची मालवाहू शाखा डाइम्लर-बेन्झने घेतली. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात बनणारी विडाल यांची व्हॅन १९७७पर्यंत मर्सिडीझचा तारा लावून विकली गेली. आज त्या जागी मर्सिडीझच्या कारखान्यात आस आणि गाड्यांचे सुटे भाग बनतात.

जर्मनीत १९५०च्या दशकात लोकांच्या हाती पैसा आला आणि तीन चाकांच्या गाड्या मागे पडल्या. १९५६मध्ये ‘हान्सिआट’ तिथे थांबली, आणि दोनच वर्षांत आपल्याकडे सुरू झाली. नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी उभी राहिली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली आणि १९६४ साली काम पुण्याजवळ आकुर्डीला आलं. फिरोदियांची नजर मला फार मोलाची वाटते. १९२८च्या हॅम्बुर्गमधला कोळसेवाला आणि १९५८च्या भारतातला भाजीवाला यांची अडचण एकच आहे, हे त्यांनी ओळखलं. श्रीमंत देशाने टाकलेली वस्तू म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. ज्या प्रश्नासाठी ती घडली तो प्रश्न इथे अजून जिवंत होता.

मागून मॅटडोर आली, आणि तिचंही सामान्यनाम झालं. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, म्हणून हौदा खाली. ‘मॅटडोर लावली’ म्हणताना आपण हॅम्बुर्गच्या त्याच कारखान्याचा दुसरा शब्द वापरत असतो. १९८७मध्ये आलेली ट्रॅव्हलर घडली ती मर्सिडीझच्या ‘टी १’ व्हॅनवरून, आणि ‘टी १’ म्हणजे हारबुर्गच्या जुन्या व्हॅनची जागा घेणारी गाडी. अष्टविनायकाला निघालेल्या ‘टेम्पो ट्रॅव्हलर’मध्ये नाव विडाल यांचं आणि सांगाडा त्यांच्या वारसाचा, असा योग जुळून आला आहे. कंपनीने २००५ साली ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतलं, तरी लोकांनी टेम्पो सोडला नाही.

तीन चाकी ‘हान्सिआट’ मात्र आता क्वचितच दिसते. आपण जुन्या ॲम्बॅसिडर आणि फियाट जपतो, त्यांच्या फेऱ्या काढतो. पण आपली मंडई ज्या गाडीने भरली, जिच्यावर आपल्या आई-वडिलांचा पहिला संसार लादून आला, ती भंगाराच्या भावात गेली. तुमच्या गोठ्यात, वखारीत, गॅरेजच्या मागच्या अंगणात एखादी गंजलेली उभी असेल, तर ती विकू नका. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा संग्रहालयाला कळवा. ती साखळीची पेटी आणि ते पाच भागांचं इंजिन मुलांना उघडून पाहू द्या.