लेखांक सातवा : वीज, रस्ता आणि काकतीचे शिवार

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात कसे गेले आणि १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने सीमाप्रश्न मिटण्याऐवजी कसा चिघळला, हे मागील लेखांकात पाहिले. या वादाचा निकाल लागत नसतानाही शहर वाढत होते. ते कोणत्या दिशेने आणि कशाच्या बळावर वाढले, याचा उलगडा शहराच्या बाजारपेठेपेक्षा त्याच्या उत्तरेकडील वेशीवर, म्हणजे काकतीच्या शिवारात, अधिक चांगला होतो.

इतिहासाच्या पुस्तकांत काकती येते ती कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे जन्मगाव म्हणून. १७७८ मध्ये येथील देसाई घराण्यात त्यांचा जन्म झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाला दुसरी ओळख मिळाली ती पुणे–बंगळूर हमरस्त्यामुळे, म्हणजेच तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ मुळे. निपाणी, संकेश्वर आणि हत्तरगी मागे टाकून वंटमुरीचा घाट ओलांडला की होनगा आणि काकती लागतात, आणि तेथून बेळगाव हाकेच्या अंतरावर राहते. घाटापलीकडून येणारा माल आणि शहरातून बाहेर पडणारा माल या दोहोंची वाट एकच असल्यामुळे कारखान्यांची नजर याच पट्ट्यावर पडली.

त्यांतील पहिला मोठा कारखाना इंडियन अल्युमिनियम कंपनीचा, स्थानिकांच्या बोलण्यातला ‘इंडाल’. शहर आणि काकती यांच्या दरम्यान यमनापूर येथे तो १९७० च्या सुमारास सुरू झाला. कच्चा माल सीमेपलीकडचा होता. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइट, म्हणजे अल्युमिनियमचे तांबूस, जांभ्यासारखे खनिज मिळते. ते दळून कॉस्टिक सोड्याच्या तप्त द्रावणात विरघळवले की लोहयुक्त लाल गाळ खाली राहतो आणि द्रावणातून अल्युमिना नावाची पांढरी भुकटी मिळते. या भुकटीपासून धातू काढायचा तर तिच्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडावा लागतो. एक टन धातूसाठी सुमारे दोन टन अल्युमिना आणि चौदा-पंधरा हजार युनिट वीज खर्ची पडते. एवढी वीज स्वस्तात मिळण्याची आशा तेव्हा म्हैसूर राज्यात होती, कारण १९६० च्या दशकाच्या मध्यापासून शरावती नदीवरील जलविद्युत प्रकल्प कार्यान्वित होऊ लागला होता. चंदगडची माती आणि शरावतीचे पाणी यांची गाठ यमनापुरात पडली, ही गोष्ट सीमावादाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही, आणि ती नोंदली जायला हवी. कारण राज्यांची हद्द बदलली तरी बेळगावचा आर्थिक परिसर चंदगड-गडहिंग्लजपर्यंत पसरलेलाच राहिला, याचा याहून ठळक पुरावा सापडणे कठीण आहे.

शरावतीच्या विजेचा हाच आधार पुढे दुबळा ठरला. पाऊस कमी झाला की जलविद्युत घटते, आणि राज्यातील मागणी वाढत गेली तसा वीजकपातीचा पहिला फटका अशा वीजखाऊ कारखान्यांना बसू लागला. कालांतराने यमनापूरच्या धातू गाळणाऱ्या भट्ट्या बंद झाल्या आणि अल्युमिना तयार करण्याचे काम तेवढे चालू राहिले. शतक संपता संपता, २००० मध्ये, कंपनीची मालकी हिंडाल्कोकडे गेली.

दरम्यान १९७६ मध्ये बेळगाव नगरपालिकेची महापालिका झाली. शहराच्या दक्षिणेस उद्यमबाग येथे ओतकामाचे कारखाने, म्हणजे फौंड्र्या, वाढल्या आणि त्याच बाजूला मच्छे येथे १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आले. महापालिकेची हद्द आणि लगतच्या वस्त्या मिळून जो ‘नागरी समूह’ जनगणनेत धरला जातो, त्याची लोकसंख्या १९९१ मध्ये चार लाखांच्या व २००१ मध्ये पाच लाखांच्या पुढे गेली.

हमरस्त्याचे महत्त्व केवळ व्यापारी नव्हते. मार्च १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी हाच रस्ता अडवला, आणि सुमारे तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, आंदोलन मोडून काढताना झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. ज्या रस्त्याने शेतमाल व्यापाऱ्याच्या वखारीत जाई, त्याच रस्त्यावर बसल्याखेरीज त्या शेतकऱ्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

काकती परिसरात शेतकऱ्याची अडचण निराळी होती, कारण येथे प्रश्न पिकाच्या भावाचा नसून जमिनीचाच होता. कर्नाटकाच्या १९६६ च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्यानुसार सरकार एखादा भूभाग औद्योगिक क्षेत्र म्हणून घोषित करते, नंतर कलम २८ अन्वये संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती ऐकल्या जातात आणि मग अंतिम अधिसूचनेने जमीन सरकारजमा होते. होनगा-काकती पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींमागे हाच कायदा उभा आहे. त्यातील हरकतीची पायरी शेतकऱ्याला एकमेव संधी देते, आणि ती संधी नोटीस वाचता येण्यावर अवलंबून असते. ज्या मुलखात लहान भाषक गटाची लोकसंख्या १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनात म्हटले होते. परंतु कार्यालयीन व्यवहार कन्नडमध्ये चालत गेला, आणि ज्याला गावकरी आजही सवयीने ‘उतारा’ म्हणतात तो जमिनीचा दाखलाही कन्नडमध्येच मिळू लागला. जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाकडे, ज्यातील हुतात्म्यांचे स्मारक हिंडलगा येथे आहे, केवळ शाळेतील भाषेचा झगडा म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. वेशीवरच्या मराठी शेतकऱ्यासाठी त्या आंदोलनात स्वतःच्या शेताचा कागद स्वतः वाचता यावा, ही अपेक्षाही सामावलेली होती.

पुढील लेखांकात उद्यमबागेतील ओतकाम उद्योगाचा विचार केला जाईल.