गिरण्या बंद झाल्या, हवा स्वच्छ झाली?

मुंबईतल्या नायगावात हवेची परीक्षा डोळ्यांनी होते. ‘पूर्वी गॅलरीत धुणं वाळत घातलं की काजळी बसायची, आता कुठे बसते?’ असं जुनी मंडळी सांगतात. निरीक्षण अगदी खरं आहे. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

स्प्रिंग, कोहिनूर, टाटा, गोल्ड मोहर या कापड गिरण्या चालू होत्या तेव्हाचा त्रास खोटा नव्हता. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने 1970च्या दशकात लालबाग, चेंबूर, खार आणि एका ग्रामीण भागातली मिळून चार हजारांवर माणसं तपासली, तेव्हा लालबाग-चेंबूरकडे खोकला आणि धाप जास्त आढळली. गिरणीत कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यातल्या कामगाराची छाती तर सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीला आवळून यायची. कापसाच्या धुळीने होणारा तो बिसिनोसिस.

1982च्या गिरणी संपानंतर धुरांडी एकेक करून थंडावली. आजचा खरा शत्रू मात्र अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा. तो धुण्यावर दिसणार कसा? डिझेलच्या धुरातून, जाळलेल्या कचऱ्यातून, बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्यांतून तो येतो. नायगावच्या बीडीडी वसाहतीतल्या 42 चाळींच्या पुनर्विकासासारख्या बांधकामांची धूळ नजरेत भरते, पण ती बरीचशी जाडी असते. ऑक्टोबर 2023च्या महापालिकेच्या नियमांनुसार उंच इमारतींच्या कामाभोवती 35 फुटी पत्रे हवेत. ते धूळ रोखतील, डंपरचा धूर नाही.

‘समुद्र जवळ आहे, वारा सगळं घेऊन जातो.’ पावसाळ्यात हो. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून वाहतो, तोही मंद, आणि खालची थंड हवा वर चढत नाही. नेमक्या अशा पहाटे आपले आजोबा मफलर गुंडाळून फिरायला निघतात!

‘त्रास होतो तो दमेकऱ्यांना.’ हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. हे कण फुप्फुसात दाह निर्माण करतात, त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्या बिघडतात, गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे 2019 मध्ये जगात 42 लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतले सुमारे 68 टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे. छातीत कळ आली म्हणून केईएममध्ये नेलेल्या माणसाच्या केसपेपरवर ‘हवा’ असं कारण कोणी लिहीत नाही, इतकंच.

मग दारं-खिडक्या लावून घ्याव्यात? चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत रात्री डासांची कॉइल लावून तसं केलं, तर हवा बाहेरपेक्षाही वाईट होऊ शकते. 2003च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ निघते, हेही ठाम मत. गूळ जातो अन्ननलिकेतून, धूळ श्वासनलिकेतून. लखनौच्या संशोधकांचा गुळावरचा एक प्रयोग 1994 मध्ये प्रसिद्ध झाला होता, पण तो उंदरांवरचा. त्यावरून माणसांना हमी देता येत नाही. गूळ आवडतो म्हणून खा. आणि ‘पंपाची सवय लागते’ म्हणून डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर कपाटात ठेवू नका. औषध थेट श्वासनलिकेत पोचतं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. सवय लागत नाही. औषध रोज लागतं ते दमा जुनाट आजार आहे म्हणून.

राहिला मोबाइलवर दिसणारा हवेच्या निर्देशांकाचा (एक्यूआय) आकडा. 100च्या आत दिसला की आपण निर्धास्त होतो. पण भारतीय निर्देशांकात ‘समाधानकारक’ची हद्द दर घनमीटर 60 मायक्रोग्रॅम सूक्ष्म कणांपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे 15. शिवाय आपला निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, त्यामुळे दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने पहाटेची घाण कागदावर सौम्य होते.