गाडीची खटखट काय सांगते?



लोधीखेड्याहून सौंसर, नागपूरकडे जाताना पुढच्या चाकांकडून 'खटखट' ऐकू आली, की काही जण गाण्यांचा आवाज वाढवतात! पण आवाज केव्हा येतो, यावरून बिघाडाचा अंदाज येतो.

लहान खड्ड्यांवरून हळू जाताना खटखट झाली, तर बहुधा लिंक रॉड सैल झालेला असतो. ब्रेक दाबताच एकदा 'ठक्' वाजले, तर लोअर आर्मचा बुश झिजलेला असू शकतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना आवाज आला, तर शॉकअपचा वरचा माउंट तपासावा. पूर्ण वळण घेताना 'कटकट' झाली, तर अ‍ॅक्सलचा जॉइंट पाहावा.

मेकॅनिक गाडी जॅकने उचलून, खाली स्टँड लावून चाक हलवून पाहतो. वर-खाली खेळले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, फक्त डावी-उजवीकडे खेळले तर टाय रॉड एंड सैल समजावा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड निखळला, तर चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. म्हणून मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीची खटखट कानाआड करू नये. मुलांनो, आवाज ऐकू आला तर चालककाकांना जरूर सांगा.