गृहस्वच्छता कामगार

मोबदला घेऊन दुसऱ्याच्या घराची अथवा हॉटेलातील खोल्यांची झाडलोट, फरशी पुसणे, धुणीभांडी, बिछाने घालणे, स्वच्छतागृहे धुणे इ. कामे नियमितपणे करणारा कामगारवर्ग. घरी काम करणाऱ्यांना मोलकरीण, कामवाली, घरगडी व अलीकडे घरेलू कामगार असे म्हणतात. हॉटेलात या कामास ‘हाउसकीपिंग’ व ते करणाऱ्यास ‘रूम अटेंडंट’ ही नावे रूढ आहेत. २००८ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाण व्यवसाय-वर्गीकरणात घरांतील सफाई कामगारांना ९१११ व कार्यालये, हॉटेले इ. आस्थापनांतील सफाई कामगारांना ९११२ असे लागोपाठचे क्रमांक दिलेले आहेत. काम जवळजवळ एकच असले, तरी ते कोठे केले जाते यावर कामगाराचे हक्क बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

इतिहास : पेशवाईत संपन्न घरांतील दळणकांडण, सारवण यांसारखी कष्टाची कामे कुणबिणींकडे असत. त्या दासी असून त्यांची खरेदी-विक्री होई. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता ब्रिटिश अंमलाखालील प्रदेशात १८४३ च्या कायद्याने संपुष्टात आली. ‘मोलकरीण’ या शब्दातील मोल हे माणसाचे नसून कामाचे आहे आणि हा फरक या व्यवसायाच्या इतिहासात मूलभूत ठरतो. मुंबईत कोकणातून आलेले पुरुष घरगडी म्हणून राहत. त्यांना सरसकट ‘रामा’ म्हटले जाई. पुढे घरात राहणाऱ्या गड्याची जागा बहुतांशी, दिवसाकाठी अनेक घरी जाऊन कामे करणाऱ्या स्त्रियांनी घेतली. १९७२ च्या दुष्काळानंतर शहरांत आलेल्या कुटुंबांतील अनेक स्त्रियांनाही या कामाचा आधार मिळाला. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला व त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. वेतनवाढीबरोबरच हक्काच्या सुट्टीची मागणीही या चळवळीत महत्त्वाची होती.

कामाचे स्वरूप : घरकामाचा मोबदला सामान्यतः ‘कामा’वर ठरतो. केर-फरशी, भांडी व धुणे ही स्वतंत्र कामे धरून प्रत्येकाचा मासिक दर बोलीने ठरवितात. घरातील माणसे, खोल्यांची संख्या व वस्ती यांनुसार तो बदलतो. करार क्वचितच लेखी असतो. त्यामुळे पाहुणे आल्याने वाढलेली भांडी, सणापूर्वीची साफसफाई किंवा आजारपणातील खाडे यांचा हिशेब मालकिणीच्या मर्जीवर राहतो.

हॉटेलात हेच काम नियमबद्ध असते. पर्यवेक्षक कामगारास पाळीच्या आरंभी खोल्यांची यादी देतो. पूर्ण पाळीत साधारणपणे १२ ते १६ खोल्या कराव्या लागतात. पाहुणा राहत असलेल्या खोलीपेक्षा रिकामी करून दिलेल्या खोलीस अधिक वेळ लागतो. प्रथम खिडक्या उघडून कचरा व वापरलेल्या चादरी काढतात. नंतर बिछाना घालून वरून खाली या क्रमाने धूळ पुसतात आणि शेवटी आतून दाराकडे येत जमीन स्वच्छ करतात. स्वच्छतागृह व खोली यांसाठी वेगवेगळ्या रंगांची फडकी वापरल्यास जंतूंचा प्रसार टळतो. जंतुनाशक लावल्याबरोबर पुसून टाकल्यास त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. ते ठरावीक काळ पृष्ठभागावर ओले राहू द्यावे लागते. या कौशल्यांचे शिक्षण हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत दिले जाते. मुंबईत दादर येथे अशी संस्था असून तिची स्थापना १९५४ मध्ये झाली. घरकामातील कौशल्य मात्र अनुभवातूनच येत असल्याने त्यास सहसा कौशल्य मानले जात नाही.

आरोग्य : सतत वाकणे, ओणवे बसून फरशी पुसणे व जड गाद्या उचलणे यांमुळे कंबर, खांदे व गुडघे दुखतात. गुडघ्याच्या वाटीपुढील द्रवपिशवीचा दाह या व्यवसायात इतका परिचित आहे, की इंग्रजीत त्या विकारास ‘मोलकरणीचा गुडघा’ अशा अर्थाचेच नाव आहे. साबण व पाणी यांच्या सततच्या संपर्काने हातांच्या त्वचेचा दाह होतो. विरंजक द्रव व स्वच्छतागृहासाठीचे आम्ल एकत्र झाल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. अमोनियायुक्त द्रवाशी विरंजक मिसळल्यासही घातक वायू बाहेर पडतात. म्हणून हे पदार्थ कधीही एकत्र करू नयेत. हातमोजे व वायुवीजन या साध्या उपायांनी पुष्कळ त्रास टळतो. परंतु घरांत हातमोजे पुरविण्याची पद्धत विरळाच आढळते.

कायदेविषयक स्थिती : मुंबई राज्यातील १९४८ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने हॉटेल कामगारांचे कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी निश्चित केली, महाराष्ट्रात त्याची जागा २०१७ च्या अधिनियमाने घेतली. नवा अधिनियम प्रारंभी दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू करण्यात आला. खाजगी घर आस्थापना ठरत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ‘उद्योग’ या संज्ञेतून घरगुती सेवा वगळलेली आहे. याउलट, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या केंद्रीय अधिनियमाने निवासी घरासही कामाचे ठिकाण मानले, ही महत्त्वाची सुधारणा होय.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम संमत केला. नोंदणीकृत कामगारांना अपघात, वैद्यकीय खर्च, प्रसूती, मुलांचे शिक्षण व अंत्यविधी यांसाठी साहाय्य देण्याची तरतूद त्यात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरेलू कामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यात साप्ताहिक विश्रांती सलग किमान २४ तासांची असावी, असे म्हटले आहे. भारताने या करारास अनुसमर्थन दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये या कामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्याकरिता समिती नेमण्याचा निर्देश केंद्र शासनास दिला.

नोंदणीचे महत्त्व कोविड-१९ च्या साथीत स्पष्ट झाले. २०२० च्या टाळेबंदीत गृहनिर्माण संस्थांची दारे बंद झाली आणि अनेकींचे उत्पन्न एका दिवसात थांबले. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपयांची मदत जाहीर केली. ज्यांच्या नावाची नोंद नव्हती, त्यांना वर्षानुवर्षे काम करूनही आपण कामगार आहोत हे सिद्ध करता येत नव्हते. घर हे कामाचे ठिकाण व त्यात राबणारी व्यक्ती कामगार, ही मान्यता मिळणे हाच या व्यवसायापुढील मुख्य प्रश्न आहे.